फडमुन्शीचा सर्व्हर

मार्च लागला की आमच्या अहेरी-आलापल्ली पट्ट्यात दोन कामं जोरात निघतात. जंगलात तेंदूची बेला कटाई, म्हणजे झुडपांची छाटणी, आणि सभागृहात कार्यशाळा. पहिल्या कामानं पालवी फुटते, दुसऱ्यानं निधी खर्ची पडतो. यंदाच्या कार्यशाळेचा विषय होता ‘माहिती तंत्रज्ञानातून व्यवसाय धोरण आणि स्पर्धात्मक आघाडी’. सल्लागार पुण्याहून आले होते. जॅकेट घालून. मार्चमध्ये.

‘आघाडी’ हा शब्द ऐकताच मागच्या रांगेतल्या माजी सरपंचांनी कान टवकारले. “ही महाविकासवाली का दुसरी कोणती जी?” सल्लागार हसले नाहीत, त्यांच्या पडद्यावर या प्रश्नाला चौकट नव्हती. मग त्यांनी भिंतीवरचा क्यूआर कोड स्कॅन करायला सांगितला. पन्नासेक माणसं फोन उंच धरून उभी राहिली, छतातून प्रसाद पडणार असल्यासारखी. रेंजची दांडी एकच, तीही प्राणहितेपलीकडच्या तेलंगणातून चुकून आलेली. गोल चक्र फिरत राहिलं आणि चहा आला.

चहा पिताना मला आठवत होती ती फडमुन्शीची वही.

ज्यांनी फड पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. मे महिन्यात बाया पहाटे अंधारात जंगलात शिरतात, पान तोडून दुपारपर्यंत परततात आणि सावलीत बसून पुडकी बांधतात. एका पुडक्यात सत्तर पानं. अशी हजार पुडकी म्हणजे एक प्रमाण गोणी, म्हणजे सत्तर हजार पानं. संध्याकाळी पुडकी फडावर, म्हणजे पान विकत घेण्याच्या जागी, आणायची, रांगेत मांडायची. मुन्शी कानामागची पेन्सिल काढून रांगेतून चालत जातो आणि वहीत आकडा टाकतो. दर शेकड्याचा. आता शेकडा म्हणजे शंभर, असं शाळेत शिकवतात. फडावर ‘हे पान फाटकं’, ‘हे बारीक’ करत करत त्याचा एकशे चारही व्हायचा. बाई अंगठा द्यायची. वहीत काय लिहिलं ते मुन्शीला ठाऊक, बाजूच्या फडावर काय दर चालला ते ठेकेदाराला ठाऊक, आणि बिडी कारखान्यात पान काय भावानं पोचलं ते फक्त देवाला आणि ठेकेदाराला ठाऊक. डेटा एकाच्या हाती, मेहनत दुसऱ्याच्या. पुण्याचे साहेब ज्याला स्पर्धात्मक आघाडी म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

अमेरिकेतल्या मुन्शीचीही गोष्ट आहे. अमेरिकन एअरलाइन्सनं १९७६ पासून तिकीट एजंटांच्या टेबलावर आपल्या ‘सेबर’ यंत्रणेचे पडदे बसवायला सुरुवात केली. एजंटाला सगळ्या कंपन्यांची विमानं दिसत, फक्त अमेरिकनची वरच्या ओळीत. खाली जायला एजंटाला वेळ कुठला? शेवटी १९८४ मध्ये तिथल्या सरकारला नियम काढून हा पक्षपात बंद करावा लागला. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत हे तंत्रज्ञानाच्या कल्पक वापराचं उदाहरण म्हणून शिकवतात. आमच्या मुन्शीनं तेच पेन्सिलीनं केलं तर त्याला लबाड म्हणतात. पेन्सिलीला शेअर बाजारात भाव नाही, दुसरं काय.

उलटंही घडलं आहे. सिगारेटवाल्या आयटीसीनं २००० साली मध्य प्रदेशात ‘ई-चौपाल’ काढलं, गावातल्या एका शेतकऱ्याच्या घरी संगणक ठेवला आणि सोयाबीनचा भाव त्यावर दाखवायला सुरुवात केली. पटला तर कंपनीला विका, नाही तर मंडीत न्या. कंपनीचा अडतीचा खर्च वाचला, शेतकऱ्याला निघण्याआधी भाव कळला. सिगारेटवाल्यांनी सोयाबीनचा भाव घरपोच दिला. बिडीच्या पानाचा भाव मात्र बिडीवाल्यांनी कधी चुकूनही फडावर पाठवला नाही.

तो भाव कायद्याच्या वाटेनं आला. १९६९ च्या कायद्यानं तेंदूचा व्यापार सरकारच्या मुठीत घेतला होता. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा आणि २००६ चा वनहक्क कायदा आल्यावर पान ग्रामसभेचं झालं. आता लिलाव ग्रामसभा करते, रॉयल्टी ठरवते, मजुरी ठरवते. मग फोन आला. या गावात बोली लागली की बाजूच्या गावातल्या साळ्याला पाच मिनिटांत कळतं, टेकडीवर चढून का होईना.

ठेकेदारांनीही फोन घेतले, हे ओघानंच आलं. आपसात ठरवून एकाच आकड्यावर थांबायला पूर्वी एखाद्या लॉजवर बसावं लागे, आता एक ग्रुप पुरतो. जीएसटीचंच बघा. २०१७ मध्ये तेंदूपानावर अठरा टक्के कर लागला, ती बातमी ठेकेदारानं गाडी करून गावोगाव सांगितली: कर लागला, दर उतरवा. सप्टेंबर २०२५ मध्ये तो अठराचा पाच झाला. ही बातमी अजून रेंजमध्ये आलेली नाही.

कार्यशाळेचा समारोप ॲपनं झाला. पुडकी मोजणारं ॲप, डॅशबोर्डसकट. फक्त स्थानिक, अनुभवी, फडाची माहिती असलेला डेटा ऑपरेटर हवा होता. तो मिळालाही.

परवा मे महिन्याच्या उन्हात एका फडावर तो दिसला. गळ्यात ओळखपत्र, टेबलावर टॅब, कानामागं तीच पेन्सिल. टॅब बंद. “रेंज आली का चढवतो ना,” म्हणत वहीत आकडे टाकत होता. रांगेतल्या एका बाईनं कमरेचा फोन काढला आणि त्याच्या वहीच्या पानाचा फोटो घेतला.

“फोटो कायले वं?”

“असू द्या ना जी. वहीले पाणी लागलं तं?”

मुन्शीनं पेन्सिल थांबवली, रांगेकडं पाहिलं आणि पुडकी पहिल्यापासून मोजायला घेतली.