उधारी वेगळी, रक्त वेगळं

पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत खिळे, स्क्रू, कडी-कोयंडे विकणारं एक जुनं दुकान आहे. मालकांना सगळे शेठ म्हणतात. (नाव सांगत नाही. सांगितलं तर पुढच्या कमिटीत ते मला घेतील.) बिजागरी घ्यायला गेलेलं गिऱ्हाईक तिथून बिजागरी आणि रक्तदान शिबिराचा फॉर्म घेऊन बाहेर पडतं. बिजागरी शिल्लक नसेल तर नुसता फॉर्म.

गल्ल्याजवळच्या वहीत तीन रकाने आहेत : नाव, बाकी, रक्तगट. ‘ओ निगेटिव्ह’वाला दिसला की शेठ स्वतः चहा मागवतात, मग बाकी कितीही असो. एका सुताराने एकदा धाडस केलं. “शेठ, रक्त देतो, पण मागची बाकी खोडून टाका.”

शेठनी चष्मा काढला. “अरे, मोबदला देऊन रक्त घ्यायला 1998 पासून बंदी आहे. सुप्रीम कोर्टाची. उधारी वेगळी, रक्त वेगळं. दोन्ही घेऊन ये.”

सत्काराच्या भाषणांत ‘धंदा विसरून सेवेला वाहून घेतलेलं व्यक्तिमत्त्व’ असं एक वाक्य हमखास येतं. साफ खोटं. शेठ धंद्यातलं काहीही विसरलेले नाहीत. रक्तपेढी हे त्यांच्या लेखी गोडाऊन आहे. “प्लेटलेट म्हणजे कोथिंबीर, पाच दिवसांत खपली पाहिजे. रक्ताची पिशवी महिनाभर तग धरते. मे महिन्यात कॉलेजं बंद, माणसं गावाला, माल आखडतो. शिबिर तेव्हा घ्यायचं. पुढाऱ्याच्या वाढदिवसाला एकदम ढीग लावून काय भाव पाडायचाय?”

रक्तदानाला वयाची मर्यादा 65. ती ओलांडली त्या वर्षी शेठनी डॉक्टरांशी बराच वेळ घासाघीस केली. “माल तोच आहे हो, तारीख तेवढी उलटलीय!” डॉक्टर बधले नाहीत. तेव्हापासून शेठ शिबिरात बिस्किटांच्या टेबलावर बसतात आणि दुसरा पुडा मागणाऱ्याला शांतपणे विचारतात, “दुसरी पिशवी देताय?”

आषाढी वारीत ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत मुक्कामाला आली, की दुकान मुलाच्या अंगावर टाकून शेठ वारकऱ्यांना प्लास्टिकचे कागद वाटायला निघतात. राजगिऱ्याचे लाडू त्यांना मंजूर नाहीत. “लाडू सगळेच देतात. दिवे घाटात पाऊस लागला तर लाडू डोक्यावर घेणार का?”

कागदाच्या होलसेलवाल्याला ‘माउलींचं काम’ सांगून ते पार खरेदीच्या खाली आणतात. पुढच्या आठवड्यात तोच कागद दुकानासाठी घेताना मात्र बाजारभाव मुकाट्याने मोजतात. मुलगा चरफडतो. “बाबा, त्याच भावात मिळाला असता की!” यावर “माउलींचा भाव माउलींना” एवढंच उत्तर. शेठविषयी कुणी कुजकट बोललं की मी हा कागदाचा हिशेब ऐकवतो. शाली आणि मानपत्रं त्यापुढे किरकोळ.

घरी अर्थात आनंद आहे. स्वयंपाकघरातला नळ गळत होता आणि वॉशर विकणाऱ्या माणसाला वेळ नव्हता. काकूंनी आठवण केली, अबोला धरला, नळाखाली पातेलं ठेवून रात्रभर टपटप ऐकवली. शेवटी शेठच्याच मंडळाच्या मदत-नोंदवहीत शेजारणीच्या हातून लिहवलं : ‘ज्येष्ठ महिला, घरी दुर्लक्षित, नळ नादुरुस्त.’ पत्ता वाचायच्या आत शेठ पान्हा घेऊन उठले होते. आपल्याच दारात पोचल्यावर क्षणभर थबकले, पण नोंद झाली म्हणजे काम करायलाच हवं.

वॉशर बसवला, नळ दोनदा उघडझाप करून पाहिला आणि पिशवीतून पावतीपुस्तक काढलं.

“ऐच्छिक आहे,” ते म्हणाले, “पण वरच्या मजल्यावरच्यांनी 101 दिलेत.”

काकूंनी 51 वर तोडलं.