गोपनीय भाऊसाहेब

जव्हार-मोखाड्याकडच्या कोणत्याही सरकारी कार्यालयात जा, बारनिशीच्या, म्हणजे आवक-जावकीच्या, टेबलामागे एक भाऊसाहेब असतातच. खातं वेगळं, नाव वेगळं, माणूस तोच. खिशाला तीन पेनं: निळं टपालाला, काळं टिपणीला आणि लाल 'गोपनीय' लिहायला. लाल पेनाची रिफिल सगळ्यांत आधी संपते.

कागदांची वर्गवारी हा भाऊसाहेबांचा धर्म. अ वर्ग कायमचा, ड वर्ग वर्षभरात रद्दीत, मधे ब आणि क. सहा गठ्ठा पद्धत झोपेतून उठवून विचारली तरी सांगतील. पण ही झाली कागद किती टिकवायचा याची वर्गवारी. किती लपवायचा याची त्यांनी स्वतःची केलेली आहे. "हे टेबलावरचं. हे ड्रॉवरमधलं. हे साहेबांच्या समक्ष. आणि हे," असं म्हणून ते कपाळावर बोट ठेवतात, "हे इथलं. याची आवक नाही, जावकही नाही."

2014 साली ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा निघाला, तेव्हा सगळीकडे दप्तरांची वाटणी चालली होती. भाऊसाहेबांनी दोन याद्या करायच्या होत्या, ठाण्याच्या आणि पालघरच्या. त्यांनी तीन केल्या. तिसरीवर काहीच लिहिलेलं नव्हतं. विचारलं तर म्हणाले, "ते दोघांनाही न सांगण्यासारखं."

ईमेल आला आणि भाऊसाहेबांना नवं क्षेत्र मिळालं. बैठकीची वेळ कळवायची तरी विषयात 'अतिगोपनीय' आणि मेल तालुक्यातल्या झाडून सगळ्यांना. मग प्रत्येकाला फोन: "मेल मिळाला? उघडू नका इतक्यात. नुसती पोच द्या." संगणकाचा पासवर्ड चिठ्ठीवर, चिठ्ठी लखोट्यात, लखोटा कपाटात, कपाटाची चावी भिंतीवरच्या खिळ्याला. खिळ्याखाली सुवाच्य अक्षरात लिहिलंय: 'गोपनीय कपाटाची चावी'.

मोखाड्याच्या बाजूला गेलं की रेंज गुल. खोडाळ्याच्या रस्त्याला एखाद्या चढावर दोन काड्या दिसतात, तिथे गाडी थांबवून भाऊसाहेब वरच्या कार्यालयाशी बोलतात. "हॅलो! ऐकू येतंय का? गोपनीय आहे! हो, हो, बदलीचंच! कुणाला बोलू नका!" डोंगरातून प्रतिध्वनी येतो आणि गुरं राखणारा पोरगासुद्धा मान वर करून ऐकतो. मोखाड्याच्या बोहाड्यात मुखवट्याआड कोण नाचतंय हे अख्ख्या गावाला ठाऊक असतं, तरी सगळे देवच आल्यासारखे हात जोडतात. भाऊसाहेबांच्या लखोट्यांचंही तेच. चहाच्या टपरीवर बदल्यांची यादी दोन दिवस आधी पोचलेली असते, तरी लखोटा आला की सगळे अदबीनं गप्प बसतात.

खरी गंमत पावसाळा सरल्यावर. जव्हारचा पाऊस दप्तरालाही सोडत नाही. गठ्ठ्यांवर बुरशी, टाचण्यांना गंज. मग ऑक्टोबरच्या उन्हात भाऊसाहेब कार्यालयामागच्या अंगणात फायली वाळत घालतात. वर्षभर कुलपात ठेवलेलं सगळं उघड्यावर, वाऱ्यानं उडू नये म्हणून प्रत्येक कागदावर दगड. चौकशी अहवाल, तक्रारी, कुणाचे तरी शेरे. पलीकडून बाजाराला जाणाऱ्या बाया वाकून बघतात, शिपाई काठी घेऊन शेळ्या हाकतो. एकदा एका शेळीनं एक पान खाल्लंच. सगळ्यांचे चेहरे पडले. भाऊसाहेबांनी उरलेला तुकडा उचलला, चष्मा कपाळावर चढवून पाहिला आणि निकाल दिला: "ड वर्ग. जाऊ द्या."

12 ऑक्टोबर 2005 ही तारीख मात्र त्यांना सलते. त्या दिवसापासून माहिती अधिकाराचा कायदा लागू झाला. माहिती कधी नाकारता येते ते सांगणारं कलम 8 त्यांना तोंडपाठ आहे; आपणहून काय काय जाहीर करायचं ते सांगणारं कलम 4 आलं की त्यांना ठसका लागतो. कुणीतरी संडासाच्या दुरुस्तीचा खर्च मागितला, तर भाऊसाहेब बराच वेळ विचारात पडले होते, यात देशाच्या सुरक्षेला कुठे बाध येतो का. त्यातच 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, गोपनीय अहवालातली नोंद ज्याची त्याला कळवा. भाऊसाहेब हळहळले. "मग त्यात गोपनीय ते काय राहिलं?"

इतकं सगळं असूनही या माणसावर रागावता येत नाही, त्याला कारण आहे. एक नवे साहेब घाईत होते. म्हणाले, "सॅम-मॅमच्या कुपोषित बालकांची यादी ग्रुपवर टाकून द्या." त्या ग्रुपवर अधिकारी होते, पुढारी होते, पत्रकार होते. भाऊसाहेब उठून उभे राहिले. "साहेब, बीटवार आकडे टाकतो. नावं लखोट्यात देतो." साहेब चिडले, फरक काय पडतो म्हणाले. भाऊसाहेबांनी यादीवरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. पाडा, आईचं नाव, बाळाचं वजन. "साहेब, ही बाई उद्या बाजारात जाणार आहे." ग्रुपवर आकडेच गेले.

2023 साली दिल्लीत वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा झाला. भाऊसाहेबांनी तो वाचलेला नाही. प्रत आली तेव्हा त्यांनी तिच्यावर लाल पेनानं 'गोपनीय' लिहिलं आणि ती कपाटात ठेवून दिली. पण कुणाची अब्रू कोणत्या कागदात आहे, हे त्यांना कायदा यायच्या आधीपासून कळतं. शिक्के ते वाट्टेल तिथे मारतात, नऊ वाया जातात. दहावा मात्र जिथे पडायला हवा तिथेच पडतो.

तेव्हा भाऊसाहेबांना हसायचं तर खुशाल हसा. फक्त त्याआधी आपल्या मोबाइलमध्ये दुसऱ्यांची आधार कार्डं आणि दवाखान्याचे रिपोर्ट किती पडून आहेत ते बघा, आणि नको असतील ते आजच पुसून टाका.