कान्हेरीची जकात

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, म्हणजे महानगराच्या ऐन कुशीत पहुडलेल्या सुमारे १०४ चौरस किलोमीटरांच्या अरण्यात, कान्हेरीच्या लेण्यांकडे चढणाऱ्या पायऱ्यांवर जी मर्कटमंडळी ठाण मांडून बसलेली असतात, ती स्वतःस जकात खात्याची वंशपरंपरागत वतनदार समजत असावीत, असा माझा अनेक रविवारांच्या निरीक्षणान्ती ग्रह झाला आहे. कल्याण-सोपाऱ्याच्या ज्या दात्यांनी या लेण्यांस दाने दिली, त्यांची नावे शिलालेखांत कोरलेली आहेत. आजचा दाता काकडी, पेरू आणि प्रसंगी चष्मा देऊनही अनामिकच राहतो, हा काळाचा महिमा.

परवा एक धीरगंभीर गृहस्थ, जनावराच्या डोळ्याला डोळा भिडवला की ते वरमते, हे तत्त्व सहकुटुंब विशद करीत असता (वस्तुतः मर्कटांच्या शिष्टाचारात रोखून पाहणे म्हणजे युद्धाचे आव्हान होय), एका पोक्त माकडिणीने दात विचकून त्यांची पिशवी जप्त केली, कठड्यावर बसून तिची यथासांग झडती घेतली, पाकिटातील नोट हुंगून बेवारस टाकून दिली आणि चकलीचा पुडा तेवढा सरकारजमा केला.

"अहो, नोट तरी उचला!" पत्नी म्हणाल्या.

"आधी तिला जाऊ दे," गृहस्थ तत्त्वज्ञान आवरते घेत पुटपुटले.

बिबट्याची रीत मात्र खानदानी. ५०च्या आसपास बिबटे या वनात व त्याच्या सरहद्दीवर नांदतात, आपल्या कचऱ्यावर पोसलेल्या मोकाट कुत्र्यांवरही गुजराण करतात आणि होता होईल तो कोणाच्या दृष्टीस पडत नाहीत. असा निगर्वी शेजारी चाळीत मिळणे दुर्मीळ. वारली मंडळी त्यास वाघोबा म्हणून पुजतात. कुंपणालगतच्या इमारतींतील सुशिक्षित त्याच्याविरुद्ध अर्ज करतात.

अशाच एका सोसायटीच्या चिटणिसांनी, वाहनतळावरील कॅमेऱ्यात मध्यरात्री त्याची छबी उमटताच, सदरहू बिबट्यास तत्काळ पकडून हद्दपार करावे, अशा मजकुराचा अर्ज गुदरला. वनखात्याच्या एका जुन्या नोकराने तो शांतपणे वाचला.

"साहेब, याला नेला, तर मोकळ्या हद्दीत दुसरा येणार. याला तुमच्या सोसायटीची वहिवाट ठाऊक आहे. नव्याला ती कोण समजावणार? तुम्ही?"

अर्ज मागे घेण्यात आला. कचऱ्याचे डबे झाकून ठेवण्याचा ठराव मात्र, झाकणांचा खर्च कोणी सोसायचा या मुद्द्यावर, अद्याप तहकूब आहे.