चाहते बरोबर निघाले, हे वाईट झालं

बास्केटबॉलच्या चाहत्याला बास्केटबॉल खेळता आला पाहिजे अशी कुठेही अट नाही. संघ चालवता आला की झालं, आणि तो तर प्रत्येकालाच येतो. अमेरिकेतल्या एनबीएमध्ये ३० संघ आहेत, त्यांचा कारभार बघणारे ३० जनरल मॅनेजर आहेत, आणि त्या तिसांना अक्कल शिकवणारे मानद जनरल मॅनेजर जगभर पसरलेले आहेत. हे मानद लोक पगार घेत नाहीत, रजा घेत नाहीत आणि माघार तर मुळीच घेत नाहीत.

ही व्यवस्था इतकी वर्षं सुखात चालली, कारण मानद मॅनेजरचं म्हणणं कुणी ऐकत नसे. त्याच्या डोक्यातली अदलाबदल प्रत्यक्षात होतच नसल्यामुळे ती फसण्याचा प्रश्न यायचा नाही. पगारी मॅनेजर कधी चुकायचा, कधी बरोबर यायचा. पण आपल्याला दिसत नाही असं काहीतरी त्याला दिसत असणार, असा एक धाक मनात असायचा. डॉक्टरांचे अहवाल त्याच्या टेबलावर, सराव तो रोज बघतो, खेळाडूंचे एजंट त्याला फोन करतात. आपल्याकडे फक्त मत.

हा धाक २ फेब्रुवारी २०२५ रोजी गेला. तो घालवल्याचं श्रेय डॅलस मॅव्हरिक्सचे तेव्हाचे जनरल मॅनेजर निको हॅरिसन यांचं. त्यांनी लुका डॉन्चिच लॉस एंजेलिस लेकर्सला देऊन टाकला.

ज्यांना हे नाव माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लुका स्लोव्हेनियाचा, वय तेव्हा २५. आदल्या हंगामात सामन्यामागे सरासरी ३३.९ गुण काढून तो अख्ख्या लीगमध्ये पहिला आला होता. अटलांटाविरुद्ध त्याने एकाच सामन्यात ७३ गुण काढले होते. जून २०२४ मध्ये त्याने डॅलसला अंतिम फेरीत नेलं. तिथे बोस्टनने ४-१ असं धुतलं ही गोष्ट वेगळी. असा खेळाडू या वयात कुणी विकत नाही. विकायचा झाला तर तो स्वतः रुसून बसलेला तरी असतो. हा रुसलेला नव्हता, उलट डॅलसमध्ये नवीन घर घेऊन बसला होता.

बातमी फुटली तेव्हा डॅलसमध्ये शनिवारची रात्र सरत आली होती आणि आपल्याकडे रविवारी सकाळचे पावणेअकरा वाजत होते. त्यामुळे डॅलसमधल्या अनेकांच्या आधी ती पुण्यात पोह्यांच्या बशीवर येऊन पोहोचली. आमचे चिरंजीव मोबाइल बघता बघता ताठ झाले आणि म्हणाले, "लुका गेला." आमच्या सौ.नी घाबरून विचारलं, "अरे देवा! किती वर्षांचा होता?" चिरंजीवांनी लगेच प्लेनोला मामांना फोन लावला. प्लेनो म्हणजे डॅलसचं उपनगर. तिथे मराठी माणूस शोधावा लागत नाही. आमचे मेहुणे झोपेतून उठले, ऐकलं आणि म्हणाले, "हॅक झालंय रे कुणाचं तरी अकाउंट. झोप." झोपण्याची वेळ त्यांची होती, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. पण त्यांचा तर्क काही वेडगळ नव्हता. ज्या शॅम्स शरानिया या पत्रकाराने बातमी दिली, त्याचं खातंच कुणीतरी पळवलंय असं त्या रात्री अमेरिकेतल्या असंख्य लोकांना वाटलं. शेवटी, हे खरंच आहे, असं त्याला पुन्हा लिहावं लागलं.

आता मानद मॅनेजर काम कसं करतो ते पाहू. ईएसपीएनच्या संकेतस्थळावर 'ट्रेड मशीन' नावाचं एक यंत्र आहे. त्यात कुठले खेळाडू कुठे पाठवायचे ते भरायचं; पगारांचा मेळ बसत असेल तर यंत्र होकार देतं, नाही तर नाकारतं. एनबीएत पगारावर मर्यादा असते आणि ती ओलांडलेल्या संघाला जेवढ्याचा माल द्यायचा साधारण तेवढ्याचाच घ्यावा लागतो. आमचे चिरंजीव बारावीच्या वर्षी या यंत्रासमोर जेवढे बसले तेवढे पुस्तकासमोर बसले असते तर... असो. त्यांच्या अदलाबदलींचा साचा ठरलेला असे. आपल्या संघातले दोन कायम बाकावर बसणारे, एक गुडघा धरून चालणारा आणि २०३१ साली नवे खेळाडू निवडण्याच्या दुसऱ्या फेरीतली आपली एक निवड द्यायची, आणि बदल्यात यानिस अँटेटोकूम्पोसारखा दिग्गज घ्यायचा. यंत्र हो म्हणायचं, कारण यंत्राला पगार कळतो, लाज कळत नाही.

त्या हंगामात लुकाचा पगार होता साधारण ४ कोटी ३० लाख डॉलर. लेकर्सच्या अँथनी डेव्हिसचाही जवळपास तेवढाच. म्हणजे या दोघांची अदलाबदल यंत्राने एका फटक्यात मान्य केली असती. पण चाहत्यांच्या त्या अफाट फौजेत हे बटण दाबावं असं कुणाला सुचलं नव्हतं. यानिसला दोन बाकड्यांच्या बदल्यात मागणाऱ्यांनाही तेवढी शरम होती. ते बटण पगारी माणसाने दाबलं.

आणि दाबलं तेही गुपचूप. हॅरिसन आणि लेकर्सचे रॉब पेलिंका यांची जुनी ओळख. जानेवारीत डॅलसमध्ये दोघे कॉफीला भेटले आणि बोलणी सुरू झाली. बाकीच्या संघांना पत्ता नाही, लुकाला पत्ता नाही, डेव्हिसला पत्ता नाही, संघातल्या बहुतेकांना पत्ता नाही. आपल्याकडे मुलगी द्यायची तर माणूस निदान चार स्थळं बघतो, पत्रिका फिरवतो, चुलत्याला विचारतो. इथे एकाच घरी चहा घेतला आणि तिथेच सुपारी फोडली. हाती काय आलं? डेव्हिस, वय ३१, तब्येत नाजूक. मॅक्स क्रिस्टी नावाचा होतकरू पोरगा. आणि लेकर्सची २०२९ सालची पहिल्या फेरीतली एक निवड. एकच. मानद मॅनेजरांनी गुडघे धरून चालणाऱ्यांसाठी याहून जास्त मागितलेलं आहे.

हॅरिसन यांनी कारण दिलं, डिफेन्स. डिफेन्सच्या जोरावर अजिंक्यपदं मिळतात, असा त्यांचा विश्वास. दुसरं कारण थेट बोललं गेलं नाही, पण सगळीकडून झिरपलं: लुकाचं वजन. तो व्यायाम टाळतो, खाण्यापिण्यावर ताबा नाही, पुढच्या उन्हाळ्यात त्याला पाच वर्षांचा साडेचौतीस कोटी डॉलरचा करार द्यावा लागेल, आणि एवढे पैसे एवढ्या घेराच्या माणसात कोण घालणार? यावर जी चर्चा झडली ती ऐकण्यासारखी होती. लिफ्ट बंद पडली म्हणून ऑफिसला दांडी मारणारी माणसं एका व्यावसायिक खेळाडूच्या पोटरीच्या स्नायूंवर निदान करत होती. आमच्या मेहुण्यांनी तर त्याला रात्रीचा भात बंद करण्याचा सल्ला दिला. स्वतः ते त्या वेळी आम्रखंडाचा डबा मांडीवर घेऊन बसले होते, व्हिडिओ कॉलवर स्पष्ट दिसत होता.

एरवी अशा गोष्टीत काळ पगारी माणसाच्या बाजूने असतो. दोन वर्षं जातात, खेळाडू खरंच जाडा होतो आणि चाहते विसरतात. इथे काळाने हॅरिसन यांना आठवडाही दिला नाही. ८ फेब्रुवारीला डेव्हिस डॅलसकडून पहिल्यांदा उतरला. २६ गुण, १६ रिबाउंड, ७ असिस्ट. हॅरिसनसाहेबांचा चेहरा खुलत असणार तोच तिसऱ्या क्वार्टरमध्ये डेव्हिसने जांघ धरली. त्याच सामन्यात जखमी. मार्चच्या सुरुवातीला दुसरा मोठा खेळाडू कायरी अर्व्हिंग याचा गुडघ्याचा लिगामेंट फाटला. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात तो इतका खोलात जातो हे पाहवत नव्हतं. दहा महिन्यांपूर्वी अंतिम फेरी खेळलेला संघ ३९ विजय आणि ४३ पराभव घेऊन घरी बसला.

मधल्या काळात लोकांनी काय केलं? बातमी आली त्याच दिवशी मैदानाबाहेर शवपेटी आणून ठेवली. डर्क नोव्हिट्झकीच्या पुतळ्यापाशी फुलं वाहिली. हा डर्क म्हणजे डॅलसचं दैवत, २०११ चं अजिंक्यपद त्याने मिळवून दिलेलं. आणि तो स्वतः लुकाचा लेकर्सकडून पहिला सामना बघायला लॉस एंजेलिसला गेला. डॅलसमध्ये एका सामन्यात मोठ्या पडद्यावर कॅमेरा एका प्रेक्षकावर आला. त्याने नुसत्या ओठांनी "निकोला काढा" म्हटलं. सुरक्षारक्षकांनी त्यालाच काढलं. त्यानंतर तो घोष असा पसरला की फ्री थ्रो घेणाऱ्या खेळाडूला आपलं नाव निको आहे की काय अशी शंका यावी. एप्रिलमध्ये लुका पाहुणा म्हणून डॅलसला आला. त्याच्या आठवणींची चित्रफीत लागली, तो बाकावर बसून टॉवेलने डोळे पुसत राहिला, आणि मग उठून त्याने ४५ गुण काढले. मेहुणे तिथे होते. त्यांच्या अंगात लुकाचा ७७ क्रमांकाचा डॅलसचा निळा शर्ट. लेकर्स जिंकले तेव्हा ते उभं राहून टाळ्या वाजवत होते. आपला संघ हरल्यावर कुठल्या तोंडाने टाळ्या वाजवायच्या, हे त्यांनी कुणाला विचारलं नाही आणि शेजारच्यालाही विचारायचं भान नव्हतं, तोही वाजवत होता.

लेकर्सच्या चाहत्यांबद्दलही दोन शब्द हवेत. त्यांनी फेब्रुवारीतच अजिंक्यपदाच्या मिरवणुकीचा मार्ग ठरवला होता. मिनेसोटाने त्यांना पहिल्याच फेरीत ४-१ असं परत पाठवलं. पण ते चुकले याची कुणी नोंद घेतली नाही, कारण ते नेहमीच चुकतात.

मग आली लॉटरी. एनबीएत ज्या संघांची वाट लागते त्यांची चिठ्ठी काढून नव्या पोरांत पहिली निवड कुणाची ते ठरवतात. डॅलसला पहिला क्रमांक मिळण्याची शक्यता होती १.८ टक्के. मिळाला! ड्यूक विद्यापीठाचा अठरा वर्षांचा कूपर फ्लॅग त्यांच्या पदरात पडला. झालं, मानद मॅनेजरांनी चौकशी एका दमात सुरू करून संपवलीही: हे सगळं ठरलेलंच होतं. लेकर्सला लुका हवा, टीव्हीला लेकर्स हवेत, डॅलसला नुकसानभरपाई म्हणून फ्लॅग. पुरावा? १९८५ साली न्यूयॉर्कला लॉटरीत पहिल्या निवडीचा पॅट्रिक यूइंग मिळाला तेव्हा त्यांचं पाकीट हाताला ओळखू यावं म्हणून आधी गोठवून ठेवलं होतं, असं चाळीस वर्षं बोललं जातंय, हाच पुरावा. या तर्कातली गंमत अशी, की एरवी जी लीग पंचांची एक शिट्टीसुद्धा नीट वाजवू शकत नाही असं हेच लोक म्हणतात, तीच लीग चाळीस वर्षं एवढं गुपित पोटात ठेवते.

निवडीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. याच डॅलसने २०१५ साली ५२ व्या क्रमांकावर पंजाबच्या बल्लो के गावचा सतनाम सिंग निवडला होता. सात फूट दोन इंच. एनबीएत निवडला गेलेला पहिला भारतीय. त्याला एनबीएचा एकही सामना खेळायला मिळाला नाही. पुढे तो अमेरिकेत व्यावसायिक कुस्तीत गेला. त्याला खेळवा म्हणून कुणी घोष केला नव्हता. आपणही नाही.

हॅरिसन यांचा निकाल लागायला नोव्हेंबर उजाडला. नवा हंगाम, ११ सामने, ३ विजय. १० नोव्हेंबरच्या सामन्यात मालक पॅट्रिक ड्युमाँट एका तरुण प्रेक्षकाशेजारी बसलेले दिसले. पोराच्या अंगात लुकाचा लेकर्सचा सोनेरी शर्ट. त्या अदलाबदलीची आपल्याला फार खंत वाटते असं मालकांनी त्याला सांगितल्याचं नंतर बातम्यांत आलं. दुसऱ्या दिवशी हॅरिसन यांची नोकरी गेली. मालकांनी सल्लागार नेमले असते, अहवाल मागवले असते. उत्तर तेच आलं असतं आणि खर्च वाढला असता.

इकडे लुका उन्हाळ्यात बारीक होऊन एका व्यायामाच्या मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकला. आमच्या घरी यावरही दोन तट पडले. चिरंजीव म्हणाले, "बघा, विकायची गरजच नव्हती." मेहुणे म्हणाले, "विकला म्हणूनच बारीक झाला." मी म्हणालो, "मग निको बरोबर होता का?" दोघांनीही फोन ठेवला.

खरा घोटाळा पुढेच आहे. चाहत्यांची एक पिढी आता कायमची बिघडली. कुठल्याही संघाने काहीही केलं, बाराव्या क्रमांकाचा खेळाडू जरी बदलला, की उत्तर तयार असतं: "लुकाच्या वेळीही हेच म्हणाला होतात." डॉक्टरांचे अहवाल, सरावाच्या नोंदी, पगाराची गणितं, कशालाही आता किंमत उरली नाही. एकदा, फक्त एकदा, घरात सोफ्यावर बसलेला माणूस ऑफिसात बसलेल्या माणसापेक्षा शहाणा निघाला आणि तेवढ्या भांडवलावर तो आता जन्म काढणार आहे. आमचे चिरंजीव सध्या यानिससाठी तिघांऐवजी दोघंच देऊ करतात.

तेव्हा जगातल्या समस्त जनरल मॅनेजरांना हात जोडून विनंती आहे. खेळाडू विका, पण चार दारं ठोठावून विका. चुका जरूर करा, तो तुमचा हक्क आहे. फक्त आम्ही बरोबर ठरू अशा चुका करू नका. आम्हाला त्याची सवय नाही.