क्रोएशियात इंग्रजीवर निभावण्याची नियमावली (फक्त पुणेकरांसाठी)

‘इंग्रजी येत असलं की जगात कुठंही अडत नाही,’ असे आमचे मेव्हणे म्हणतात. ते बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झाले. हयात मसुदे तपासण्यात गेली, त्यामुळे समोर माणूस आला तरी त्यांना आधी मसुदाच दिसतो. क्रोएशियापुरते त्यांचे विधान बरोबर आहे, पण मेव्हणे स्वतः मात्र तिथे पावलोपावली अडले. पुढच्या सहलीच्या हितासाठी हे नियम लिहून काढले आहेत.

नियम 1 : धास्ती घेऊ नये. 2021 च्या जनगणनेत अख्ख्या क्रोएशियाची लोकसंख्या जेमतेम 39 लाख भरली. पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून 2011 सालीच तिच्या पुढे गेले होते. एवढ्या थोड्या लोकांची भाषा बाहेरचे कशाला शिकायला जातील? म्हणून तेच बाहेरच्यांच्या भाषा शिकतात. परकी भाषा शाळेत लहानपणीच सुरू होते. टीव्हीवर इंग्रजी सिनेमे मूळ आवाजात आणि खाली क्रोएशियन अक्षरे अशा थाटात लागतात. त्यामुळे दुब्रोवनिकचा विशीतला वेटर आपल्या इंग्लिश मीडियमच्या भाच्याइतकेच सफाईदार इंग्रजी बोलतो, आणि वर ऑर्डरही नीट घेतो.

नियम 2 : वाक्य बसच्या वेळापत्रकाहून लांब नसावे. मेव्हणे चौकशी करतात ती अशी : ‘वुड यू बी काइंड इनफ टु इन्फॉर्म मी व्हेदर...’ या ‘व्हेदर’पाशी प्लित्वित्सेची बस सुटते. त्याऐवजी आधी ‘दोबर दान’ म्हणावे, म्हणजे नमस्कार झाला. मग ‘प्लित्वित्से बस, व्हेअर?’ एवढेच विचारावे. शेवटी ‘ह्वाला’, म्हणजे आभार. दुकानात शिरताना नमस्कार न करता थेट भाव विचारणे तिथे उद्धटपणाचे समजतात. (आपल्याकडे नमस्कार केल्यावरही दुकानदार वर बघेल याची खात्री नसते, तो विषय वेगळा.)

नियम 3 : समोरच्याचे व्याकरण तपासू नये. हा नियम महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर. क्रोएशियन भाषेत ‘अ’, ‘अॅन’, ‘द’ ही भानगडच नाही. मराठीतही नाही. त्यामुळे त्यांच्या इंग्रजीतून ‘द’ गळतो आणि आपल्याही गळतो, आणि दोन्हीकडच्यांना गळल्याचे कळत नाही. संभाषणाला याहून चांगली जमीन मिळणार नाही. पण ज्या पिढीने रिकाम्या जागा भरून मार्क मिळवले, तिला गप्प बसवत नाही. स्प्लिटला रोमन सम्राट डायोक्लेशियनचा सतराशे वर्षांपूर्वीचा राजवाडा आहे, आणि आजही लोक त्यात राहतात, कपडे वाळत घालतात. आमची गाइड हे रंगवून सांगत होती आणि मेव्हणे प्रत्येक वाक्यात हळूच एकेक ‘द’ भरत होते. ती पोरगी शेवटी म्हणाली, ‘थँक यू, प्रोफेसर.’ मेव्हणे ही पदवी अजून मिरवतात. काय बोलणार!

नियम 4 : अक्षरे इंग्रजी दिसली तरी इंग्रजीसारखी वाचू नयेत. ‘जे’चा उच्चार य आणि ‘सी’चा त्स. झाग्रेबच्या मुख्य चौकाचे नाव येलाचिच. तो ‘जेलासिक’ म्हणून विचारला तर संध्याकाळपर्यंत सापडणार नाही. क्र्क नावाचे एक बेट आहे. त्यात औषधालाही स्वर नाही, आणि इंग्रजांची बोबडी तिथेच वळते. ज्यांनी लहानपणी ‘ऋ’ घोकला, त्यांनी इथे छाती काढून बोलावे.

नियम 5 : ‘व्हेजिटेरियन’ या शब्दावर विसंबू नये. शहरात तो समजतो. किनाऱ्यावरच्या खाणावळीत, म्हणजे कोनोबात, शाकाहारी माणूस मासे खातोच असा समज भेटू शकतो. ‘बेझ मेसा, बेझ रिबे’ असे म्हणावे : मांस नको, मासेही नकोत. मग ब्लित्वा मागावी. ही बटाटा, लसूण आणि ऑलिव्ह तेल घातलेली पालेभाजी. वहिनी तीवर प्रसन्न होत्या. काळा रिसोट्टो मात्र लांबूनच पाहावा. तो काळेपणा समुद्रातल्या माखलीच्या शाईचा असतो, गोड्या मसाल्याचा नव्हे.

नियम 6 : ‘हो’ म्हणताना मान आडवी डोलवू नये. बिल दोनदा येते किंवा येतच नाही.

नियम 7 : जर्मन येणारी व्यक्ती बरोबर असल्यास तिला पुढे करावे. साठीपुढच्या लोकांत इंग्रजीपेक्षा जर्मन बरे येणारे पुष्कळ. कुणी जर्मनीत नोकरी केलेली, कुणी जर्मन पर्यटकांना खोल्या दिलेल्या. इस्त्रियात इटालियन चालते. रानडे इन्स्टिट्यूट आणि मॅक्सम्युलर भवनात जर्मनचे वर्ग केलेली मुले पुण्यात घरोघरी आहेत, त्यांचे तिथे सोने होते. आमच्या घरमालकीणबाई सत्तरीच्या, इंग्रजी शून्य. भाचीने जर्मनमधून गरम पाणी मिळवले. मेव्हण्यांनी मात्र ‘लाकु नोच’, शुभ रात्री, एवढे पाठ केले आणि रोज रात्री हात जोडून म्हटले. निघताना बाईंनी सुक्या अंजिरांची पुडी त्यांच्याच हातात ठेवली. मान्य केले पाहिजे, इतका गोड माणूस इंग्रजीत कधी दिसला नव्हता.

नियम 8 : ‘तुमची आणि सर्बियाची भाषा एकच ना?’ हे कोणत्याही भाषेत विचारू नये. 1991 ते 1995 तिथे युद्ध झाले, दुब्रोवनिकवर तोफा चालल्या. बेळगावचा विषय निघाला की आपण कसे बोलतो ते आठवावे.

नियम 9 : बेटावरचे दुकान दुपारी बंद दिसल्यास पुणेकराला तक्रारीचा अधिकार नाही.

नियम 10 : जुने कुना घेऊन जाऊ नयेत. 1 जानेवारी 2023 पासून तिथे युरो चालतो, आणि त्याच दिवशी देश शेंगेनमध्येही आला.

एकूण निकाल असा : क्रोएशियात इंग्रजी पुरते, मोडके असेल तर जास्तच पुरते. हाच नियम आपल्या गावातही पाळावा. लक्ष्मी रस्त्यावर एखादा परदेशी पाहुणा अडखळत शनिवारवाडा विचारू लागला, तर त्याचे वाक्य दुरुस्त करू नका. त्याला रस्ता दाखवा.