काडतुसं घरीच भरा: नवशिक्या नेमबाजांसाठी बचतीची मार्गदर्शिका

अमेरिकेत पाच-सात वर्षं काढली की मराठी माणसाला एक विचित्र रिकामेपण जाणवू लागतं. घर घेऊन झालेलं असतं, मंडळाच्या गणपतीत नाटक बसवून झालेलं असतं, परसातली मेथी हरणांनी खाऊन झालेली असते, आणि गॅरेजमध्ये दोन गाड्या लावूनही भिंतीकडेची सहा फूट जागा उरलेली असते. ही मार्गदर्शिका त्या सहा फुटांसाठी आहे. सांगितलेल्या क्रमाने वागलात, तर रविवारी सकाळी कागदावर भोकं पाडण्याच्या निरागस इच्छेपासून निघून तुम्ही अशा उंचीवर पोचाल, जिथे गोळी झाडणं हा शुद्ध अडाणीपणा मानला जातो.

१. आधी शिकारी व्हा

ग्रीन कार्ड हातात असेल, तर पुढच्या पायरीवर जा. एच-१बीवाल्यांनी थांबावं. तात्पुरत्या व्हिसावरच्या परदेशी माणसाला बंदूक किंवा काडतूस बाळगायला संघीय कायद्याची मनाई आहे. मात्र त्याच कायद्यात काही अपवाद आहेत आणि त्यातला एक आपल्या कामाचा आहे: शिकारीचा वैध परवाना असेल, तर चालतं. म्हणून ज्याने आयुष्यात झुरळ मारायलाही शेजाऱ्याला बोलावलं, असा शाकाहारी डेटाबेस ॲडमिनिस्ट्रेटर राज्याच्या वन्यजीव खात्याकडे जातो आणि रीतसर शिकारी होऊन बाहेर पडतो. शिकार केलीच पाहिजे असं नाही. मेथीचा हिशेब मनात असला तरी तो आवरा.

मग दुकानात फॉर्म ४४७३ भरा. दुकानदार एफबीआयच्या यंत्रणेकडे तुमची पार्श्वभूमी तपासायला पाठवतो आणि बरेचदा काही मिनिटांत उत्तर येतं. ग्रीन कार्डाच्या रांगेत केस पांढरे केलेल्यांनी हा क्षण सावकाश उपभोगावा. सरकारदरबारी तुमचं काम इतक्या लगबगीने पुन्हा कधी होणार नाही.

२. चार नियम

अमेरिकन प्रशिक्षक जेफ कूपर यांचे चार नियम पाठ करा. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजायचं. जे नष्ट करायचं नाही त्याच्याकडे नळी वळवायची नाही. नेम धरेपर्यंत बोट चापावर न्यायचं नाही. लक्ष्य काय आहे आणि त्याच्या पलीकडे काय आहे, ते ओळखल्याशिवाय झाडायचं नाही. या पायरीत विनोद नाही. पुढे चला.

३. .२२ घ्या आणि तिला कंटाळा

कोणताही जाणता माणूस तुम्हाला सांगेल की सुरुवात .२२ लाँग रायफलच्या पिस्तुलाने करावी. हे काडतूस १८८७ पासून बाजारात आहे, त्याला धक्का जवळपास नाही, आवाज बेताचा आणि किंमत सगळ्यांत कमी. सल्ला अगदी बरोबर आहे आणि अडचण तीच आहे. या काडतुसात ठिणगी देणारं मिश्रण तळाच्या कडेतच भरलेलं असतं, त्यामुळे एकदा उडालेलं काडतूस पुन्हा भरण्यात अर्थ नसतो. म्हणजे वस्तू स्वस्त आहे, पण ती आपल्या हाताने स्वस्त केल्याचं समाधान नाही. बचतीला वाव नसलेला छंद मराठी माणसाने का करावा?

तेव्हा .३८ स्पेशलच्या रिव्हॉल्व्हरकडे वळा; त्याचं काडतूस सेंटरफायर, म्हणजे ठिणगी तळाच्या मध्यभागी असलेलं, आणि म्हणून पुन्हा भरता येणारं. गोळीचा व्यास .३८ इंच नसून जेमतेम .३५७ आहे. हजारांश इंचासाठी जीव टाकणाऱ्या या छंदात नावातला आकडाच चुकला आहे, याचं इथे कोणालाही काही वाटत नाही. तुम्हीही वाटून घेऊ नका.

आता स्पर्धेत उतरा. बुल्सआय नावाचा जुना अमेरिकन प्रकार आहे: ५० आणि २५ यार्डांवरून, उभ्याने, एका हाताने झाडायचं. पूर्ण सामन्यात .२२, सेंटरफायर आणि .४५ अशा तीन फेऱ्या, प्रत्येकी ९० गोळ्या, एकूण २७० गोळ्या आणि २७०० गुण. दुसरा हात खिशात ठेवायची पद्धत आहे. त्या हाताने पाकीट घट्ट धरून ठेवा.

पहिल्या दिवशी तुमच्या गोळ्या खाली आणि डावीकडे जातील. (डावखुऱ्यांच्या उजवीकडे.) बार उडायच्या आधीच धक्क्याच्या धास्तीने मनगट दचकतं, हे त्याचं कारण. उपायही ठाऊक असलेलाच आहे. रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा चाप रोज सुरक्षित दिशेला ओढायचा सराव करा. शिवाय रेंजवर दुसऱ्याकडून खऱ्या काडतुसांत एखादं खोटं मिसळून घ्या, म्हणजे दचकणं उघडं पडतं. या उपायाला जवळपास काही खर्च येत नाही, म्हणून तो कोणी करत नाही. त्याऐवजी नवी मूठ घ्या, नवी साइट घ्या, चाप हलका करून घ्या, गोळीचा वेग मोजणारा क्रोनोग्राफ घ्या. नाचता येईना म्हणणाऱ्याला आपल्याकडे वाकडं अंगण स्वतःच शोधावं लागायचं. इथे ते वाकडं असल्याचं पुराव्यानिशी दाखवणारी उपकरणं घरपोच मिळतात.

भाषाही बदला. पाच गोळ्या भलतीकडे, पण एकमेकींजवळ लागल्या, तर ‘नेम चुकला’ म्हणू नये, ‘ग्रुप छान आहे’ म्हणावं. सहावी तिसरीकडेच गेली, तर ती ‘फ्लायर’. फ्लायर मोजत नाहीत.

४. काडतुसं भरा (इथून बचत सुरू)

काडतुसाचे चार भाग: पितळी केस, ठिणगी देणारा प्रायमर, पावडर आणि गोळी. उडाल्यावर केस तेवढी उरते. ती पुन्हा भरली की पैसे वाचतात, एवढं साधं तत्त्व आहे. आता एक्सेल उघडा. समजा, दुकानातलं काडतूस ६० सेंटला पडतं आणि घरचं ३० ला. मग प्रत्येक बारामागे ३० सेंट वाचले. प्रेस, डाय, तराजू, पावडर मोजायचं यंत्र, केस घासायचा टम्बलर आणि भक्कम टेबल मिळून समजा ९०० डॉलर. म्हणजे ३००० काडतुसांनंतर भांडवल वसूल. दर रविवारी १०० झाडलीत, तर तीस रविवार. पण घरचं काडतूस निम्म्यात पडतं म्हटल्यावर तुम्ही दोनशे झाडणार, म्हणजे पंधराच रविवारांत वसूल! त्या आनंदात पुढची खरेदी करा. तुमच्या वेळेचा रकाना शीटमध्ये ठेवू नका. आलेख बिघडतो.

प्रेस निवडताना गुणवत्तेपेक्षा रंग पाहा. आरसीबीएस हिरवा, ली लाल, डिलन निळा. एकदा रंग ठरला की बाकीच्या दोन रंगांच्या माणसांबद्दल जन्मभर कीव बाळगायची असते. लाल रंगाचे आणखीही उत्पादक आहेत, पण नवशिक्याने एकदम इतक्या खोलात जाऊ नये.

रेंजवर केस वेचताना वयाचा आणि पगाराचा विचार करू नका. दीड लाख डॉलर कमावणारा माणूस सिमेंटवर वाकून दुसऱ्याने टाकलेलं पितळ खिशात भरतो आहे, हे दृश्य तिथे रोजचं आहे. फक्त रेंजचा नियम आधी विचारा. काही ठिकाणी जमिनीवर पडलेलं पितळ रेंजच्या मालकीचं असतं, आणि पाच सेंटच्या वस्तूसाठी सभासदत्व जाणं हा महागडा सौदा आहे.

केस घासण्यासाठी अक्रोडाच्या टरफलांचा किंवा मक्याच्या कणसांचा भरडा टम्बलरमध्ये घालून तो दोन-तीन तास घुसळू द्या. चिंच-मिठाने समया लख्ख झालेल्या पाहिलेल्यांना हा सगळा थाट कशाला, असं वाटेल. वाटू द्या. चिंच स्वस्त आहे, म्हणजे ती या छंदात बसत नाही.

पावडर भरताना मात्र मार्गदर्शिकेचा सूर क्षणभर बाजूला ठेवा. एका पौंडात ७००० ग्रेन असतात आणि .३८ च्या काडतुसाला त्यातले थोडेच लागतात. केस इतकी ऐसपैस असते की चुकून दुप्पट माप पडलं तरी ते बिनबोभाट मावतं. दुप्पट पडलं तर रिव्हॉल्व्हर फुटू शकतं. पडलंच नाही तर फुसका बार होतो आणि गोळी नळीत अडकते. त्यामागून दुसरी झाडली की पुन्हा फुटण्याचीच भीती. तेव्हा माप छापील मॅन्युअलमधूनच घ्या, मित्राच्या आठवणीतून नको. भरलेली प्रत्येक केस दिव्याखाली धरून आत पाहा. आणि या वेळेत ऑफिसच्या कॉलवर ‘म्यूट’ होऊन बसू नका. बंगळुरूच्या टीमचं काय अडलंय ते काडतुसाला कळत नाही.

प्रायमरचं वेगळंच शास्त्र आहे. ते घरी करता येत नाहीत, आणि २०२० च्या महासाथीत ते दुकानांतून असे नाहीसे झाले की माणसं एकेक डबी मोजून ठेवू लागली. २०१३ मध्ये तीच गत .२२ ची झाली होती. यावरून अनुभवी मंडळींनी धडा घेतला: मिळेल तेव्हा, मिळतील तितके घ्यायचे. टंचाई त्यामुळे वाढते हे त्यांना कळतं. म्हणूनच ते अजून थोडे घेतात.

५. हात धुवा

प्रायमरच्या धुरात आणि गोळीत शिसं असतं. रेंजवर खाऊ-पिऊ नका, घरी आल्यावर आधी साबणाने हात-तोंड धुवा, कपडे वेगळे टाका, अंघोळ होईपर्यंत मुलांना जवळ घेऊ नका. आजीच्या सोवळ्याला हसून जी पिढी अमेरिकेत आली, ती आजीपेक्षा कडक सोवळं रविवारी दुपारी गॅरेजच्या दारात पाळते.

६. जुनी पिस्तुलं जमवा (आणि झाडणं सोडा)

एव्हाना तुमच्याकडे काडतुसं इतकी झाली असतील की ती संपवायला एक रिव्हॉल्व्हर पुरणार नाही. ‘क्युरिओ अँड रेलिक’ नावाचा संग्राहकाचा संघीय परवाना काढा. शुल्क तीन वर्षांना ३० डॉलर. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली शस्त्रं त्यात सहसा आपोआप बसतात. तुमचा जन्म १९७० चा असेल, तर सरकारी व्याख्येवर फार वेळ विचार करत बसू नका. खरेदी-विक्रीची नोंदवही मात्र चोख ठेवा.

आता अभ्यास करा. जॉन ब्राउनिंगने घडवलेलं कोल्ट १९११, जे अमेरिकन सैन्याने १९८५ पर्यंत मुख्य पिस्तूल म्हणून वापरलं. माउझर सी९६, जे तरुण चर्चिलने १८९८ मध्ये ओमदुर्मनच्या लढाईत वापरलं. सात गोळ्यांचं रशियन नागां, जे एके काळी शंभर डॉलरच्या आसपास मिळायचं. ‘तेव्हाच चार घ्यायला हवी होती’ हे वाक्य तोंडपाठ करा, कारण संग्राहकांच्या कोणत्याही बैठकीत त्याशिवाय प्रवेश मिळत नाही.

इथून पुढे आतापर्यंत शिकलेलं सगळं उलटं करायचं. केस लख्ख हवी, पण जुन्या पिस्तुलाला पॉलिश लावलंत तर ते मेलं. मूळ निळसर झिलई विटलेली असली तरी तीच हवी, नवी चढवली की किंमत कोसळते. लुगरच्या बारीकसारीक भागांवरसुद्धा क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे असतात, ते सगळे जुळले पाहिजेत. १९५५ साली आलेल्या कोल्ट पायथॉनचं मूळ पुठ्ठ्याचं खोकं बरोबर असेल तर भाव चढतो. नुसतं रिकामं खोकंही विकत मिळतं आणि लोक घेतात. कंपनी २०२० पासून पायथॉन पुन्हा बनवते. ती झाडायला उत्तम आहे, म्हणूनच तुमच्या काही कामाची नाही.

आणि जुनी पायथॉन झाडू नका. नुसता चाप ओढूनही सिलिंडरवर फिरण्याची बारीक रेघ उमटते, आणि ती रेघ गिऱ्हाइकाला दिसते. तिजोरी घ्या, आत दमट हवा शोषणाऱ्या पुड्या ठेवा, हातमोजे घालून वर्षातून दोनदा बाहेर काढा, बघा, परत ठेवा. नेम धरायचाच असेल, तर तिसऱ्या पायरीवर कंटाळून ठेवलेली .२२ कपाटाच्या मागच्या बाजूला आहे.

७. परत जाताना

निवृत्तीनंतर पुण्याला किंवा कोल्हापूरला परतायचा विचार असेल, तर संग्रह आधीच आवरता घ्या. भारतात प्रत्येक शस्त्राला परवाना लागतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर नामांकित क्रीडापटू वगैरे अपवाद सोडले तर माणशी दोनच अग्निशस्त्रं ठेवता येतात. आचारसंहिता लागली की तीही पोलीस ठाण्यात जमा करायची नोटीस येऊ शकते, आणि महाराष्ट्रात कुठली ना कुठली निवडणूक असतेच. तेव्हा परवानाधारक दुकानदारामार्फत सगळं इथेच विकून निघा. एक्सेल शीट त्याला दाखवू नका. खोक्याचे पैसे वेगळे मागा.