शून्याची तीन दरपत्रकं

फुकट मिळणारी वस्तू घ्यायची असेल तर किमान तीन दरपत्रकं लागतात, हे मला साठी ओलांडल्यावर कळलं.

आमच्या डोंबिवलीच्या पतपेढीचा सर्व्हर सेंटओएस ७ वर चालतो. २०१४ च्या जुलैत आलेली ही फुकट प्रणाली, ३० जून २०२४ ला तिची देखभाल संपली. अचानक नाही. आठव्या आवृत्तीला २०२९ पर्यंतचं आयुष्य सांगून ती ३१ डिसेंबर २०२१ लाच गुंडाळली, तेव्हापासून जगभरचे लोक दुसरं घर शोधत होते. आमच्याकडे घंटा ऐकू येते ती फक्त टोकनची.

जुलै उजाडला आणि अपडेट मागितलं की पडद्यावर ‘पत्ता सापडत नाही’ असा संदेश येऊ लागला. ज्या पत्त्यावरून अपडेट यायचं तो पत्ताच बंद झाला होता. कार्यकारिणीने इंटरनेट बिघडलं असं ठरवून राउटर बदलला. राउटरसाठी दरपत्रक मागवलं नव्हतं. तो अध्यक्षांच्या साडूंच्या दुकानातून आला.

मग आमच्याकडे संगणक सांभाळणारा मुलगा होता, त्याने अर्ध्या पानाची टिपणी ठेवली. पर्याय तीन: अल्मालिनक्स, रॉकी लिनक्स, डेबियन. तिन्ही मोफत. खजिनदारांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, ‘दरपत्रकं कुठायत?’

‘काका, मोफत आहे.’

‘मोफत आहे हे तू म्हणतोस. कागदावर कोण म्हणतंय?’

मुलगा बिचारा पावसात हिंडला. डोंबिवलीच्या दुकानदाराने लेटरहेडवर ‘रु. ०/-’ लिहून खाली ‘जीएसटी १८ टक्के अतिरिक्त’ असा शिक्का मारला. कल्याणच्याने आकड्याऐवजी ‘विनामूल्य’ लिहिलं. दर अंकी आणि अक्षरी दोन्ही हवा, म्हणून ते दरपत्रक बाद. मुलगा परत कल्याणला. आता त्यावर ‘रु. ०/- (अक्षरी रुपये शून्य फक्त)’ आलं. ठाण्याच्याने शून्य लिहून ‘वाहतूक खर्च वेगळा’ अशी टीप जोडली. ठाण्याहून डोंबिवलीला सॉफ्टवेअर कशाने आणणार, हे त्याने लिहिलं नाही. आमच्यातही कुणी विचारलं नाही, कारण सकाळच्या गाडीत आपण स्वतःच शिरू शकत नाही तिथे सॉफ्टवेअरची काय कथा.

तुलनात्मक तक्ता तयार झाला. एकाखाली एक तीन शून्यं. त्याखाली बेरीज, तीही घातली. न्यूनतम दरधारक कोण? तिघेही. नियमावलीत अशा प्रसंगाला कलम नाही, म्हणून तिघांना वाटाघाटीसाठी बोलावलं, आणि मी स्वतःच्या कानांनी ऐकलेलं वाक्य इथे देतो: ‘बघा, आणखी काही कमी होतंय का.’ डोंबिवलीचा दुकानदार मुरलेला माणूस. तो म्हणाला, ‘साहेब, परवडत नाही.’ समितीचं समाधान झालं. शून्य ही भारताची देणगी आहे, हे वाक्य अध्यक्ष बोललेच. मग सुरक्षा अनामत. ती रकमेच्या दोन टक्के. शून्याचे दोन टक्के शून्य, पण शून्याचा धनाकर्ष कुठलीही बँक काढून देत नाही. दुकानदाराने अनामत भरली नाही, म्हणून तो अपात्र. दुसरा अपात्र. तिसरा वाहतूक खर्चासकट अपात्र. प्रक्रिया रद्द, पुन्हा दरपत्रकं. दुसऱ्या फेरीत एक सदस्य उठले (हे दर सभेत एकदा उठतात) आणि म्हणाले, सर्वांचा दर सारखाच आला म्हणजे तिघांनी संगनमत केलंय. चौकशी समिती नेमली. तिच्या चहाचं बिल आजवर ४,३२० रुपये झालंय. या प्रकरणात शून्यापेक्षा मोठा आकडा तेवढाच.

दरम्यान कुणीतरी विचारलं, जुनी प्रणाली अशी मधेच बंद करता येते का? नोटीस पाठवा. दहा वर्षं फुकट वापरली, कधी एक पोस्टकार्ड लिहून आभार मानले नाहीत, छदाम दिला नाही, आणि आता नोटीस! मुलाने परवाना काढून दाखवला. त्यात कसलीही हमी नाही असं ठळक लिहिलेलं. खजिनदार म्हणाले, ‘बारीक अक्षरात लपवलंय.’ मोठ्या अक्षरात होतं, पण चष्मा अजून कपाळावरच होता.

मुलाने शेवटचा प्रयत्न केला. ‘काका, पत्रीपूल आठवतो ना? २०१८ ला धोकादायक म्हणून बंद झाला, नवा २०२१ च्या जानेवारीत उघडला. मधली अडीच वर्षं आपण कुठून कुठे वळसे घातले. आत्ता बदललं तर वळसा दोन रविवारांचा आहे.’

खजिनदार म्हणाले, ‘पुलाला तरी निविदा काढली होती.’

इथे माझं हसणं थांबलं, ते सांगतो. या सर्व्हरवर कुणाच्या ठेवी आहेत? निवृत्त शिक्षिकेच्या, पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या बाईच्या, मुलीच्या लग्नासाठी महिना हजार भरणाऱ्या रिक्षावाल्याच्या. त्या खात्यांच्या दाराचं कुलूप कसं उघडायचं हे रोज नव्याने कुणाला तरी कळतं, आणि कुलूप बदलून देणारा ३० जून २०२४ ला दुकान बंद करून गेला. निवडायचं काय होतं? हिशेबाचं सॉफ्टवेअर ज्या घराण्याच्या प्रणालीवर चालतं त्याच घराण्यात राहायचं, म्हणजे अल्मा किंवा रॉकी. दोन्हींची नववी आवृत्ती २०३२ पर्यंत सांभाळणार असं सांगितलंय. डेबियन १९९३ पासून उभी आहे आणि कुणा एका कंपनीच्या मर्जीवर नाही, पण तिचं आयुष्य आवृत्तीमागे पाचेक वर्षं आणि तिथे सगळी हत्यारं वेगळी. हिशेबवाला पहिल्याच दिवशी हात वर करेल. सातवरून नऊवर थेट उडी नाही, म्हणून नवं यंत्र लावायचं, बॅकअप घ्यायचा, माहिती नव्या जागी उतरवायची, प्रत्येक खात्याची शिल्लक जुन्याशी ताडून बघायची, आणि जुळेपर्यंत जुनं यंत्र इंटरनेटवरून काढून कोपऱ्यात ठेवायचं. वीस मिनिटांची चर्चा होती. नवं यंत्र सोडलं तर त्यात खर्च एकच: त्या मुलाचे दोन रविवार, आणि पुढे दर महिन्याला त्याचे काही तास. पण तो पगारातच आहे ना! त्याच्या रविवारचं दरपत्रक अकरा सभांत एकानेही मागितलं नाही. शून्य रुपयांच्या वस्तूला तीन कागद, शिक्के, तक्ता, चौकशी. आणि ज्याच्या जिवावर ती वस्तू चालायची त्याला रविवारच्या कामाचा चहासुद्धा स्वतःच्या खिशातून. आमच्याकडे बिल येतं तेवढाच खर्च, बाकी सगळं ‘आपलाच मुलगा आहे’.

आपलाच मुलगा गेल्या महिन्यात ठाण्याच्या एका कंपनीत लागला. पगार दुप्पट. निरोप समारंभात त्याला शाल, श्रीफळ आणि भेट म्हणून पेन दिलं. पेनसाठी तीन दरपत्रकं मागवली होती, त्यांतलं सर्वांत स्वस्त घेतलं.

सर्व्हर अजून सातवरच आहे. चौकशी समितीची पुढची बैठक दिवाळीनंतर. तुमचं खातं आमच्याकडे असेल तर या आठवड्यात या आणि पासबुक भरून घ्या. शिक्का मारून घ्यायला विसरू नका.